पुढे 100, उजवीकडे 90

शाळेतला कॉम्प्युटरचा तास बहुतेक वेळा पाठांतरातच जातो. मॉनिटर, कीबोर्ड, सीपीयूची नावं वहीत उतरवायची, पेंटमध्ये घर काढायचं, वर्डमध्ये अक्षरं ठळक करायची आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापेक्षा वेगळा रस्ता धरला. 2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पाठ्यपुस्तकांची मालिका तयार केली. तेजस आणि ज्योती ही दोन मुलं आणि त्यांच्याशी गप्पा मारणारा मॉझ नावाचा माऊस, यांच्या गोष्टीतून धडे पुढे सरकतात. पुस्तकं कोणालाही फुकट वापरता येतील अशा परवान्याखाली खुली केली. सोबतीला टक्सपेंट आणि जीकॉम्प्रीसारखी मुक्त सॉफ्टवेअर, आणि मूल जरा मोठं झालं की स्क्रॅच.

या मालिकेचं खरं मोल मला तिच्या क्रमात दिसतं. हातातलं काम टप्प्याटप्प्याने कसं मांडायचं, हा विचार आधी येतो. कोणतं बटण कुठे आहे, हे नंतर. बटणं दर चार-पाच वर्षांनी बदलतात. विचार मांडण्याची सवय एकदा लागली की ती मुलाचीच होते.

या विचाराची मुळं सीमोर पॅपर्टपर्यंत जातात. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा गणितज्ञ जिनिव्हात जाँ पियाजेंबरोबर काम करून अमेरिकेत एमआयटीत आला. 1967 मध्ये वॉली फ्यूर्झाइग, सिंथिया सॉलोमन अशा सहकाऱ्यांबरोबर त्याने मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्या जोडीला एक कासव आलं. आधी ते जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, मग पडद्यावरचं चित्र झालं. ‘पुढे 100, उजवीकडे 90’ हे चार वेळा सांगितलं की कासव चौकोन काढतं.

खरी गंमत त्रिकोणापाशी सुरू होते. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे मुलाला पाठ असतं. म्हणून ते ‘पुढे 100, उजवीकडे 60’ तीन वेळा सांगतं आणि पडद्यावर उमटतो अर्धवट, उघडा आकार. असं का झालं, हे पुस्तकात शोधण्यापेक्षा पॅपर्ट मुलाला म्हणे, तूच कासव हो. मूल उठतं, जमिनीवर चालतं, कोपऱ्यावर थांबतं, वळतं. कासवाला वळायचंय ते आतल्या कोनाइतकं नव्हे तर बाहेरच्या कोनाइतकं, म्हणजे 120 अंश, हे तेव्हा पायांना कळतं. आणि तो उघडा आकारही वाया जात नाही. तीच आज्ञा तीनऐवजी सहा वेळा दिली की षटकोन तयार. गणिताच्या वहीत जिथे लाल फुली पडली असती, तिथे मुलाला नवा आकार सापडतो. मुलांच्या प्रोग्रामिंगवरच्या साऱ्या संशोधनात मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

पॅपर्टबरोबर काम केलेल्या मिचेल रेसनिक यांच्या गटाने 2007 मध्ये स्क्रॅच आणलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की मांजर चालतं, बोलतं, नाचतं. आपल्या गटाचं नावच रेसनिकने ‘आयुष्यभराची बालवाडी’ अशा अर्थाचं ठेवलं. मराठी वाचकाला इथे आपल्याकडे बालवाड्या रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आठवायला हव्यात. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे मुलांच्या हाती दिले. खेळण्याचं साहित्य आपल्या परिसरातूनच उभं करता येतं, हे त्यांनी कधीच करून दाखवलं होतं.

एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये सुरू केलेली ‘सीएस पाठशाला’ही त्याच वाटेवर आहे. तिचे बरेचसे उपक्रम संगणकाला हात न लावता, कागद, ठोकळे आणि कोडी घेऊन होतात. वीज गेली किंवा संगणकाच्या खोलीला कुलूप असलं तरी तास अडत नाही. मराठवाड्यातल्या शाळांसाठी ही सोय किती मोठी, ते इथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आणि छत्रपती संभाजीनगरजवळ तर आणखी एक साधन तयारच आहे: हिमरू या नक्षीदार कापडाचा माग. जॅकार्ड लावलेल्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. माळेची दोन्ही टोकं एकत्र बांधलेली असतात, म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. प्रोग्रामिंगमधला ‘लूप’ तो हाच. एक पुठ्ठा चुकीच्या जागी गेला तर वेलबुट्टी बिघडते आणि नेमका कोणता, ते शोधावं लागतं. जोसेफ जॅकार्डने 1804 च्या सुमारास आणलेली पुठ्ठ्यांची ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली.

शहरातल्या पाचवी-सहावीच्या मुलांना एकदा तरी हा माग दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. मग वर्गात चौकटीच्या वहीवर प्रत्येकाने एक बुट्टा काढावा. काळा चौकोन म्हणजे भोक, कोरा म्हणजे नाही. शेजाऱ्याला वही न दाखवता एकेक ओळ फक्त आकड्यांत सांगायची: दोन कोरे, तीन काळे, दोन कोरे. त्याच्या वहीत तोच बुट्टा उतरला नाही, तर सांगणाऱ्याची कोणती ओळ चुकली की ऐकणाऱ्याची, हे दोघांनी मिळून शोधायचं.