विस्तवाविना कस्टर्ड : शहाळ्याची मलई आणि यावलची केळी

यावल : खानदेशातील माणसाची शहाळ्याशी ओळख बहुधा दवाखान्याच्या दारात होते. आजाऱ्याला भेटायला निघालेला नातेवाईक बाहेरच्या हातगाडीवरून दोन शहाळी पिशवीत घालून नेतो. पाणी आजारी माणूस पितो. आतली मलई सोबतीला बसलेल्याच्या वाट्याला येते, नाही तर करवंटीसकट फेकली जाते. स्वयंपाकघरातील नारळ म्हणजे इकडे सुके खोबरे, तेही खरपूस भाजून काळ्या मसाल्यात वाटण्यासाठी. ओला नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसाद म्हणून वाटला जातो. कोकणात ज्या सहजतेने रोजच्या स्वयंपाकात नारळाचे दूध काढले जाते, ती सवय तापीच्या खोऱ्यात नाही.

फेकल्या जाणाऱ्या याच मलईपासून कस्टर्डसारखा दाट, गार आणि गोड पदार्थ करता येतो. त्यात दूध नाही, अंडे नाही, कॉर्नफ्लॉवर नाही आणि विस्तवही नाही. मोठ्या शहरांतून परिचित झालेल्या 'रॉ व्हिगन' आहारातील हा पदार्थ. यावलकरांच्या दृष्टीने विशेष म्हणजे त्याला दाटपणा देणारा दुसरा घटक, केळी, येथील शिवारातच पिकतो.

'व्हिगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हिगन सोसायटी' स्थापन केली तेव्हा रूढ झाला. मांस-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही या आहारात वर्ज्य. त्यातील 'रॉ' मंडळी आणखी पुढे जातात. अन्न साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवायचे नाही, असा त्यांचा दंडक. (मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा अंगणात ठेवलेले भांडेही ही मर्यादा ओलांडते, हा भाग वेगळा.) गूळ आणि साखर उसाचा रस उकळून होतात, म्हणून काटेकोर मंडळी गोडीसाठी खजूर घेतात. दाटपणासाठी भिजवलेले काजू वापरण्याचीही पद्धत आहे. परंतु काजूचे टरफल फोडण्यापूर्वी बी सहसा वाफवली किंवा भाजली जाते, त्यामुळे बाजारातील 'कच्चा' काजू खऱ्या अर्थाने कच्चा नसतो. शिजवले की अन्नाचे सत्त्व संपते, या त्यांच्या समजुतीला फारसा आधार नाही. तरीही विस्तव न लावता पदार्थ दाट होतो कसा, हा प्रश्न समजून घेण्याजोगा आहे.

मूळ युरोपीय कस्टर्ड अंड्यावर उभे असते. मंद आचेवर ७० ते ८० अंशांच्या दरम्यान अंड्यातील प्रथिने एकमेकांत गुंफली जातात आणि दूध त्या जाळ्यात अडकते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत फळे घालून वाढले जाणारे पिवळे कस्टर्ड वेगळे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठावर आधारलेली पावडर तयार केली. तेथे दाटपणा येतो तो पिठातील स्टार्च गरम दुधात फुगल्यामुळे. दोन्ही प्रकारांत उष्णता अपरिहार्य आहे. शहाळ्यात हे काम झाडाने आधीच करून ठेवलेले असते.

शहाळ्याचे वय

नारळाचे फळ पक्व व्हायला सुमारे १२ महिने लागतात. आरंभी आत केवळ पाणी असते. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास या पाण्याच्या कडेने, डोळ्यांच्या विरुद्ध टोकाकडून, जेलीसारखा थर धरू लागतो. सातव्या-आठव्या महिन्यात तो कवटीभर पसरतो, चमच्याने अलगद सुटतो आणि तरीही दातांना जाणवत नाही. हीच मलई. पुढे ती घट्ट होत जाते, तेलाचे प्रमाण वाढते आणि दहाव्या महिन्यानंतर ते खोबरे होते. पक्व ओल्या खोबऱ्यात शेकडा ३३च्या आसपास स्निग्धांश असतो. कोवळ्या मलईत तो फारच कमी.

मग मलई दाट कशामुळे लागते? कोवळ्या गरात 'गॅलॅक्टोमॅनन' नावाची पाण्यात विरघळणारी कर्बोदके असतात. आइस्क्रीम आणि सॉस दाट करण्यासाठी वापरला जाणारा गवारीच्या बियांचा डिंक याच कुळातला. मिक्सरमधून काढताच ही कर्बोदके पाणी धरून ठेवतात आणि मिश्रणाला तलमपणा येतो. फळ जून होत गेले की त्यांची रचना बदलते, विद्राव्यता कमी होते, आणि वाटल्यावर गर रवाळ राहतो. हा पदार्थ बिघडला तर दोष बहुधा कृतीत नसतो, शहाळ्याच्या वयात असतो.

केरळातील कासारगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने करवंटी काढून आतला पांढरा, पाण्याने भरलेला अखंड गोळा तसाच बाहेर काढण्याचे तंत्र विकसित केले. 'स्नोबॉल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोळ्यासाठी सुमारे आठ महिन्यांचेच शहाळे निवडले जाते. त्याहून कोवळ्या फळात गोळा टिकत नाही. कस्टर्डसाठीही हेच वय उत्तम.

मलईचे गोड पदार्थ तसे नवे नाहीत. तमिळनाडू-केरळात 'इळनीर पायसम' म्हणून शहाळ्याची गार खीर करतात. मुंबईत १९८४ मध्ये जुहू येथे सुरू झालेल्या 'नॅचरल्स'चे शहाळ्याचे आइस्क्रीम तर घरोघरी पोहोचले. त्या दोन्हींत दूध आहे. दूध वगळले की दाटपणाची जबाबदारी दुसऱ्या कुणी तरी घ्यावी लागते, आणि तेथे केळे उपयोगी पडते.

बाग दारात, शहाळे दुरून

यावल आणि रावेर हे तालुके म्हणजे केळीचे आगर. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लागवड होते. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी, की येथील घड हिरवेच कापून उत्तरेकडे रवाना होतात आणि पिकतात ते दूरच्या बाजारांत. कच्च्या केळ्याच्या गरात शेकडा २० किंवा त्याहून अधिक स्टार्च असतो. पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची साखर होते. स्टार्च तसाच राहिलेला गर कस्टर्डला तुरटपणा आणि पिठूळ चव देतो. म्हणून सालीवर तपकिरी ठिपके पडलेले केळेच घ्यावे. केवळ पिवळ्या रंगावर भरवसा ठेवू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा मर्यादित वापर मात्र मान्य आहे. कार्बाइडवर घाईने रंग आणलेल्या केळ्याची साल पिवळी आणि गर कच्चा, असा अनुभव येतो. ज्याच्या ओळखीत बागायतदार आहे, त्याने एक फणी मागून घ्यावी आणि घरात पोत्याखाली आपल्या गतीने पिकू द्यावी. अखंड केळे फ्रिजमध्ये ठेवू नये. १३ अंशांखाली त्याची साल काळवंडते आणि पिकण्याची क्रिया बिघडते.

शहाळ्याचे गणित उलटे आहे. कर्नाटकातील मद्दूर ही शहाळ्यांची मोठी बाजारपेठ. तेथून खानदेश हजाराहून अधिक किलोमीटर. दक्षिणेतून ट्रकने येणारे शहाळे गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत झाडावरून उतरून काही दिवस लोटलेले असतात. विक्रेत्याला 'पाण्याचे नको, पातळ मलईचे द्या' असे स्पष्ट सांगावे. मुरलेला विक्रेता फळ हातात तोलून आणि टिचकी मारून अंदाज बांधतो. कानाशी हलवून पाहावे. कोवळे फळ पाण्याने काठोकाठ भरलेले असल्याने आवाज करत नाही; खळखळ ऐकू आली की ते जून. देठाकडची टोपी घट्ट बसलेली असावी, तेथे ओल वा बुरशी नसावी, साल सुरकुतलेली नसावी. फोडल्यावर मलईवर गुलाबी, जांभळट वा करडी झाक दिसली किंवा पाण्याला आंबूस वास आला, तर ते फळ टाकून द्यावे. पैसे गेले तरी चालतील.

चौघांसाठी तीन-चार शहाळी घ्यावी लागतात, कारण मलई एका फळातून वाटीभरही निघतेच असे नाही. सर्व मिळून दोन वाट्या निघाल्या की पुरे. बिया काढलेले सहा-सात खजूर अर्धा तास थोड्याशा शहाळ्याच्या पाण्यात भिजवावेत. मलईला चिकटलेला करवंटीचा तपकिरी पापुद्रा चाकूने खरवडून टाकावा, अन्यथा रंग मळकट येतो आणि कचकच लागते. मग मलई, खजूर आणि एक मध्यम आकाराचे पिकलेले केळे मिक्सरमध्ये घालून, अर्धा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड टाकावी. लिंबाचा रस चवीपुरता नाही. कापलेले केळे हवेतील ऑक्सिजनमुळे काळे पडते, आणि ती क्रिया घडवणारे विकर आम्लात मंदावते. शहाळ्याचे पाणी बेतानेच, चमच्या-चमच्याने घालावे. घाईने ओतले की कस्टर्डचे सरबत झालेच. मिक्सर थांबून थांबून चालवावा, कारण पात्यांच्या घर्षणाने मिश्रण तापते. तलम झालेले मिश्रण लगेच वाट्यांत ओतून, झाकून, तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावे.

हे कस्टर्ड जेलीसारखे उभे राहत नाही. दाट बासुंदी आणि सैल श्रीखंड यांच्या मधले काही तरी होते. अधिक घट्ट हवे असेल तर पक्व नारळाचे पहिले दाट दूध पाव वाटी घालावे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, हे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. फ्रिजमध्ये हाच गुण कामी येतो. चायना ग्रास उकळावे लागते, म्हणून ते येथे बाद. उपवासाला चालणारेच सगळे जिन्नस असल्याने श्रावणात हा पदार्थ करायला अनेकांची हरकत नसावी. अखेर दुधाऐवजी मलई घातलेली ही शिकरणच, एवढे सांगितले की घरातील ज्येष्ठही चमचा उचलतात.

आच नाही, म्हणून दक्षता

उकळी फुटणे ही स्वयंपाकघरातील सर्वांत जुनी सुरक्षा आहे. या पदार्थात ती नाही, आणि त्यातील गोड, फारसे आंबट नसलेले मिश्रण जिवाणूंना मानवणारे. न फोडलेल्या शहाळ्याचे आतले पाणी स्वच्छ असते. दूषितता येते ती बाहेरची साल, कोयता, हात आणि मिक्सरच्या भांड्यातून. म्हणून गाडीवर फोडून पिशवीत भरून आणलेली मलई यासाठी वापरू नये. शहाळे घरी आणून बाहेरून घासून धुवावे, उकळत्या पाण्यातून काढलेला चमचा वापरावा. तयार कस्टर्ड ५ अंशांखाली ठेवून त्याच दिवशी संपवावे. खानदेशच्या उन्हाळ्यात ते तासाभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये. दुपारी काही तास वीज गेली असेल तर 'वास तर येत नाही' या कसोटीवर विसंबू नये.

ही भीती पुस्तकी नाही. डेन्मार्कमधील एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचा मृत्यू २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अहवालात नोंदला गेला. साल काढून विकलेले शहाळे त्यांनी जवळजवळ महिनाभर फ्रिजबाहेर ठेवले होते. चव बिघडलेली लागल्याने त्यांनी थोडेच पाणी घेतले. तरी साधारण २६ तासांत मेंदूला सूज येऊन ते दगावले. फळात वाढलेल्या बुरशीने '३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल' हे विष तयार केले होते. चीनमध्ये बुरशी लागलेला ऊस खाऊन झालेल्या विषबाधांमागेही हेच विष आढळले आहे. उकळल्याने असे विष जाईलच याची खात्री नसते. साल उतरवून गुळगुळीत केलेली शहाळी आता शहरांतील दुकानांतूनही मिळतात. हिरव्या सालीचे कवच गेलेले असे फळ शीतकपाटातीलच असावे.

दुसरा मुद्दा पोटॅशियमचा. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम केळ्यात साडेतीनशेच्या आसपास पोटॅशियम असते. खजुरात त्याहून जास्त. निरोगी माणसाचे मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या रक्तात मात्र ते साचते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. मधुमेहींनी 'साखर घातलेली नाही' या शब्दांवर जाऊ नये. खजूर आणि पिकले केळे यांतील साखर ही साखरच आहे. लहान मुलांच्या रोजच्या दुधाच्या जागीही हे कस्टर्ड येऊ शकत नाही, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम नाममात्र.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला भेटायला जाताना हातगाडीवरून नेहमीची दोन शहाळी घेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना, निदान वॉर्डातील परिचारिकेला, एकदा विचारून घ्यावे.