अळीचे तेल चाऱ्यावर ठरते

वलगावात काळ्या सैनिक माशीच्या अळ्या पाळायच्या, तर चाऱ्याची ददात नाही. अमरावतीच्या बाजारात उरलेला भाजीपाला आहे, डाळमिलची तूर चुरी आहे. पण अळीचे तेल साबणाला वापरायचे की कोंबड्यांना द्यायचे, हे आपण आधी ठरवा.

पिष्ट आणि साखर खाऊन अळी स्वतःच लॉरिक आम्ल बनवते. खोबरेल तेलातले मुख्य स्निग्धाम्ल, म्हणजे तेलाचा घटक, ते हेच. त्याने साबणाला फेस येतो. थंडीत तेल थिजले तर भेसळीची शंका घेऊ नका, ते याच आम्लामुळे.

ओमेगा-३ या गटातली स्निग्धाम्ले मात्र मुख्यतः चाऱ्यातूनच यावी लागतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नुसत्या शेणावरच्या अळ्यांत सुमारे २१ टक्के चरबी होती. शेणात मासळीची आतडी मिसळल्यावर ती ३० टक्क्यांपर्यंत गेली आणि त्या चरबीत सुमारे ३ टक्के ओमेगा-३ आले.

सुरुवातीला चुरी आणि बारीक चिरलेला भाजीपाला द्या. नुसत्या भाजीपाल्यावर अनेकांचे गणित चुकते: त्यात बहुतेक पाणीच, म्हणून अळी बारीक राहते. चारा मुठीत दाबून पाहा. एखाद-दोन थेंब ठीक. धार लागली तर तो आंबतो आणि अळ्या टोपल्याबाहेर पळतात.

तेल कोंबड्यांसाठी असेल तर शेवटच्या काही दिवसांत जवसाची ढेप मिसळा. जवस तर आपल्या वऱ्हाडाचे जुनेच पीक, आणि त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. ढेप घाण्याचीच मागा; रसायनाने तेल काढलेल्या ढेपेत ते जवळजवळ उरत नाही. साबणासाठी जवस नको. ओमेगा-३ वाढले की तेल लवकर खवट होते.

अळ्या काळ्या पडण्याआधी चाळून, धुऊन घ्या.

आता सर्वांत नाजूक टप्पा. अळ्या उन्हात टाकून सावकाश मरू देणे, किंवा मेलेल्यांचा ढीग तसाच ठेवणे, यात चांगल्या चाऱ्याची मेहनत वाया जाते. अळीच्या अंगातली विकरे, म्हणजे पचन घडवणारी द्रव्ये, मेल्यावरही तेल फोडत राहतात आणि तेलाची आम्लता वाढते. नुसते गोठवूनही ती पुरती थांबत नाहीत. म्हणून अळ्या थोड्याथोड्या करून उकळत्या पाण्यात बुडवा, निथळा आणि लगेच वाळवा.

घाण्यातून निघालेले तेल गाळून, काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात, अंधारात ठेवा.