बाळाचं पाऊल आत वळलंय? मग जायचं कुठल्या डॉक्टरकडे?

नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमध्ये भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांत माल चढवणारे-उतरवणारे अनेक माथाडी कामगार मूळचे सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले. बायकोचं बाळंतपण बऱ्याचदा गावी, माहेरी होतं. बाळाचं पाऊल जन्मतःच आत आणि खाली वळलेलं असलं, की ‘ग्रहण पाळलं नाही’ हे कारण लगेच सापडतं. डॉक्टर मात्र उशिरा सापडतो.

या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकाला ते असतं, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जवळपास दुप्पट. ग्रहणाचा, कापण्या-चिरण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग डॉक्टर कोण?

परदेशात पायांसाठी ‘पोडियाट्रिस्ट’ असतात. आपल्याकडे ही पाटी दिसली तरी तिथलं काम मुख्यतः मधुमेह असलेल्या मोठ्यांच्या पायांचं. मुलांसाठी शोधायचे ते पीडियाट्रिक ऑर्थोपेडिक सर्जन, म्हणजेच बालअस्थिरोगतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर ऑर्थोपेडिक्समध्ये एमएस किंवा डीएनबी आणि त्यावर मुलांच्या हाडांची फेलोशिप, असं त्यांचं शिक्षण असतं. हा वेगळा तज्ज्ञ लागतो, कारण नवजात बाळाच्या पावलाचा बराचसा भाग अजून हाड झालेला नसतो. तो मऊ कूर्चेचा असतो, हाताने हळूहळू वळवता येतो.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ सालचं. पुढे मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी अशा मुलांसाठी काम उभं केलं आणि त्यातूनच हाजीअलीला मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आलं. वाशीहून परळ गाठायचं तर हार्बर लाईनने कुर्ला आणि तिथे गाडी बदलायची.

उपचार सोपा, पण लांबलचक

डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवात विकसित केलेली पद्धत आज जगभर वापरतात. पाऊल थोडं सरळ करायचं, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, आठवड्याने काढून आणखी थोडं वळवायचं. अशी पाच-सहा प्लास्टर लागतात. मग बहुतेक बाळांमध्ये टाचेमागची घट्ट दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, छोटासा छेद देऊन मोकळी करतात. त्यानंतर शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहतं. मोठं ऑपरेशन सहसा लागत नाही.

खरी कसोटी पुढेच असते. दांडीला जोडलेले दोन बूट, म्हणजे ब्रेस, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे. पाऊल सरळ दिसू लागलं, बाळ रडायला लागलं, की घरचेच ब्रेस काढून ठेवतात. क्लबफूट उलटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. पण याचा सगळा दोष आईच्या माथी मारणं बरोबर नाही. दर आठवड्याला दवाखाना म्हणजे रोजंदारीवरच्या घरात दर आठवड्याला एक खाडा असतो.

खर्चाची सोय मात्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला. त्यात क्लबफूट येतो आणि तपासणी-उपचार मोफत होतात. क्युअर इंडिया ही संस्था अनेक सरकारी रुग्णालयांतल्या क्लबफूट क्लिनिकना ब्रेस पुरवते. गावी बाळंतपण झालं असेल तर जिल्हा रुग्णालयात तिथेच, पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू करावं आणि कागद घेऊन इकडे यावं. ‘मुंबईला गेल्यावर बघू’ म्हणताना तीन-चार महिने सहज निघून जातात. उशिरा आलेल्या मुलांवरही उपचार होतात, पण प्लास्टर वाढतात, कधी ऑपरेशनही लागतं.

प्रत्येक वाकडा पाय आजार नसतो

चालायला लागलेल्या मुलाचे तळवे सपाट दिसतात, ते बहुतेकदा नॉर्मल असतं. पाच-सहा वर्षांपर्यंत कमान हळूहळू तयार होते. दुखत नसेल तर महागडे ‘स्पेशल’ बूट घेण्यात अर्थ नाही, त्यांनी कमान तयार होत नाही. आठ ते चौदा वयात खेळल्यावर टाच दुखणं हेही अनेकदा वाढीच्या वयातलं दुखणं असतं, ते आपोआप थांबतं.

तीन वर्षांनंतरही मूल चवड्यांवरच चालत असेल, एकच पाय वेगळा दिसत असेल किंवा तळवा ताठ असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं. ताप आणि त्यासोबत अचानक पाय टेकवता न येणं, यात मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सांध्यातला जंतुसंसर्ग काही दिवसांत सांधा कायमचा खराब करू शकतो.