तपकिरी दगडाचं घर घेण्याआधी

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागात घर विकायला निघालं की जाहिरातीत ठरलेले शब्द असतात: ऐतिहासिक वस्ती, नुकतंच नूतनीकरण, दोन बिऱ्हाडांचं घर. दारापर्यंत चढत जाणाऱ्या उंच दगडी पायऱ्या, खाली बागेच्या पातळीवर भाडेकरू, वरच्या मजल्यांवर मालक. आलेल्या भाड्यातून कर्जाचा हप्ता हलका होतो, म्हणून नोकरदार कुटुंबांना, त्यात मराठी कुटुंबंही आली, ही रचना पटते. दुरुस्त केलेली अशी घरं आज सर्रास दहा लाख डॉलरच्या पुढे जातात, आणि दहा लाखांपासून खरेदीदाराला राज्याचा वेगळा करही भरावा लागतो.

यातली बरीच घरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. भिंती विटांच्या, दर्शनी बाजूला मात्र काही इंचांचा तपकिरी वालुकाश्म. कनेटिकटमधल्या पोर्टलंडच्या खाणी या दगडासाठी प्रसिद्ध होत्या. हा दगड थराथरांचा असतो. खाणीत आडवे असलेले थर बांधताना अनेकदा उभे लावले गेले. त्यात पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे आज आपण ज्याला दगड समजतो तो पुष्कळ ठिकाणी रंग मिसळलेला सिमेंटचा गिलावा असतो. तो नीट केलेला असेल तर त्यात वावगं काही नाही; पण तो कधी आणि कोणी केला हे विचारायलाच हवं.

दर्शनी भागाला हात लावायचा तर वारशाचे नियमही आड येतात. मॅनहॅटनचं भव्य पेन स्टेशन 1963 पासून पाडलं गेलं, त्याचा संताप शहरभर उमटला, आणि 1965 मध्ये वारसा जतनाचा कायदा झाला. बेडफर्ड-स्टायव्हसंटमधल्याच स्टायव्हसंट हाइट्सला 1971 मध्ये संरक्षण मिळालं, 2013 मध्ये त्याची हद्द वाढली. अशा हद्दीत खिडक्या, दार, कठडे बदलायचे तर शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागते. आतलं स्वयंपाकघर कसं असावं यात आयोग सहसा पडत नाही. परवानगीशिवाय बदललेली खिडकी आधीच्या मालकाची असली तरी तिची जबाबदारी नव्या मालकावर येते.

पण या वस्तीचा खरा इतिहास दगडापेक्षा माणसांचा आहे. 1936 मध्ये फुल्टन स्ट्रीटखालून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि हार्लेममधली कृष्णवर्णीय कुटुंबं इकडे येऊ लागली. त्याच दशकात सरकारी संस्थेने कर्जाच्या जोखमीचे नकाशे काढले. हा भाग लाल रंगात, म्हणजे सर्वांत जोखमीचा म्हणून, दाखवला गेला. सरकारचा गृहकर्ज विमाही अशा वस्त्यांना नाकारला जाई. बँका पाठ फिरवत असताना बार्बाडोसहून आलेल्या बायकांनी घरकाम करून, पैपै साठवून, खोल्या भाड्याने देऊन ही घरं घेतली. पॉल मार्शल यांची 1959 ची कादंबरी ‘ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स’ त्याच जगातली आहे. दोन बिऱ्हाडांचं घर ही त्यांच्यासाठी गुंतवणूक नव्हती, पाय रोवायची एकमेव वाट होती. वस्ती टिकली ती आधी त्यांच्यामुळे. कायद्याचं कवच नंतर आलं. आणि आज भाव चढल्यावर त्यांच्याच वारसांना इथे घर परवडत नाही, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

त्याहून वाईट प्रकारही घडले. वृद्ध मालकांना फसवून, खोट्या सह्या करून घरं बळकावली गेली. 2024 मध्ये न्यूयॉर्क राज्याने याला स्वतंत्रपणे चोरीचा गुन्हा ठरवलं, इतके हे प्रकार वाढले होते.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा नव्या फरशीवर आणि चकचकीत ओट्यावर भाळू नका. शहराच्या नोंदीत ते खरोखर दोन बिऱ्हाडांचं आहे का ते तपासा, नाहीतर भाड्याचा सगळा हिशेब कोसळेल. 1978 पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. लहान मुलं असतील तर तपासणी टाळू नका. आणि वकिलाला मालकीची साखळी नीट लावायला सांगा: शेवटच्या जुन्या कुटुंबाने हे घर कोणाला, किती रकमेला आणि कोणत्या परिस्थितीत विकलं? उत्तर संशयास्पद वाटलं तर ते घर घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी.