मुरलेली बिअर आणि तीन गैरसमज

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, तशी बिअरही मुरते. अमेरिकेत घरी बिअर बनवणे हा अनेकांचा छंद आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे स्वतःपुरत्या बनवलेल्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. ज्या घरात दोन किंवा अधिक प्रौढ आहेत, त्यांना वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर बनवता येते. एवढी बिअर बाटल्यांत भरत बसण्यापेक्षा ती स्टेनलेस स्टीलच्या पिंपात, म्हणजे केगमध्ये भरून महिनोन्‌महिने थंड जागी ठेवली जाते. मूळ शीतपेयांसाठी बनवलेला १९ लिटरचा केग यासाठी सर्रास वापरतात, तर हौस मोठी असेल तर ५८ लिटरचाही.

या मुरण्यात होते काय? मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. मुख्य आंबवणे संपले तरी यीस्टचे काम चालूच असते. लोण्यासारखा वास देणारे डायअसिटिल हे द्रव्य ती हळूहळू पुन्हा शोषून घेते, गाळ तळाशी बसतो, चव मवाळ होते. ‘लागर’ हे बिअरच्या एका प्रकाराचे नावच ‘साठवणे’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे. मात्र केगमध्ये हवा शिरली की ऑक्सिजनमुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. शिवाय सगळीच बिअर मुरवण्याजोगी नसते. कडक, गडद बिअर टिकते. हलकी, हॉप्सच्या सुगंधाची बिअर ताजीच बरी.

आता गैरसमजांकडे वळू. पहिला गैरसमज असा, की जुनी बिअर म्हणजे जंतूंचे आगर. अल्कोहोल, हॉप्समधली कडू आम्ले, साडेचारच्या आसपास किंवा त्याहून कमी पीएच आणि ऑक्सिजनचा अभाव, या सगळ्यांपुढे रोगजंतूंचे सहसा काही चालत नाही. बिघडलेली बिअर आंबट लागते, पण तिने गंभीर आजार होणे विरळाच. धोका असतो तो आधीच्या टप्प्यात. उकळलेला पण अजून यीस्ट न घातलेला गोड काढा हवाबंद करून बरेच दिवस तसाच ठेवला, तर त्यात बोटुलिझमचे विष तयार होऊ शकते. त्याची आम्लता हे विष रोखण्याइतकी नसते.

दुसरा गैरसमज मिथेनॉलचा. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते मिथेनॉलमुळे. त्यामुळे ‘घरची’ म्हटले की तीच भीती मनात येते. पण धान्य आंबवताना मिथेनॉल अगदी नगण्य बनते आणि मुरवल्याने ते वाढत नाही. अशा दुर्घटनांमागे बहुधा दारूत मिसळलेले औद्योगिक मिथेनॉल असते.

खरी भीती दाबाची आणि वायूची. एक ग्रॅम साखर आंबली की सुमारे पाव लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आंबवणे अर्धवट असताना केग बंद केला, दाब सोडणारी झडप गाळाने तुंबली आणि जागा उबदार झाली, तर दाब चढतच जातो. न्यू हॅम्पशायर राज्यात २०१२ मध्ये एका कारखान्यात स्वच्छ करताना प्लास्टिकचा केग फुटून एका कामगाराचा जीव गेला.

वायूचा धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. केगला जोडलेल्या छोट्या सिलिंडरमध्ये सव्वादोन किलो वायू असतो. तो गळाला तर सुमारे बाराशे लिटर जागा व्यापतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात किंवा केग ठेवलेल्या खोल फ्रीझरमध्ये साचतो. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले, तर काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून अशा जागी झाकण उघडून थोडा वेळ थांबायचे आणि मगच वाकायचे. आत कोणी कोसळलेले दिसले, तर धावत आत शिरणारा दुसरा बळी ठरू शकतो. आधी हवा खेळती करायची, मदत बोलवायची. केग धुताना ब्लीच आणि आम्ल एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

तिसरा गैरसमज सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा: घरची, नैसर्गिक, मुरलेली, म्हणून निरुपद्रवी. मुरल्याने चव मवाळ होते, अल्कोहोल नव्हे. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते. मुरवण्यासाठी निवडलेली बिअर नऊ टक्क्यांची असली, तर अर्ध्या लिटरच्या एका ग्लासात ते ३५ ग्रॅम होते. म्हणजे एक ग्लास पिणारा जवळजवळ तीन ग्लासांइतके पितो आणि घरच्या केगवर प्रमाण सांगणारी चिठ्ठीही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. यकृताला बिअर घरची की दुकानातली, हे कळत नाही. गाउट असलेल्यांना तर बिअरमधले प्युरीन अधिकच त्रासदायक ठरते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे, हे इथल्या हौशींनी ध्यानात ठेवावे. परदेशी राहणारे मुलगा-सून कौतुकाने तळघरातला केग दाखवतील, तेव्हा तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: झडप चालते का? खिडकी उघडी आहे का? आणि यात अल्कोहोल किती टक्के आहे? तिसऱ्याचे उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर ग्लास खाली ठेवलेला बरा. निदान गाडीची किल्ली तरी दुसऱ्याच्या हाती द्यावी.