आईचा वारसा, बाळाची कातडी आणि प्रोबायोटिकची पुडी

भाची सहा महिन्यांची असताना तिच्या दोन्ही गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले. रात्री झोपेत ती गाल दुपट्यावर घासायची आणि सकाळी त्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. बहिणीने तिच्या हातांत सुती मोजे चढवले. एका दुपारी ती मला म्हणाली, "माझ्याकडूनच आलं ना गं हे तिला? मलाही लहानपणी होतं." त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी तिला प्रोबायोटिकच्या पुड्यांचं नाव लिहून दिलं होतं. आतडं सुधारलं की कातडी सुधारते, असं त्यांचं म्हणणं.

बहिणीचा प्रश्न आणि काकूंचा सल्ला, दोन्ही नीट तपासून पाहायला हवेत.

आधी वारसा. इसब, म्हणजे डॉक्टर ज्याला अ‍ॅटोपिक एक्झिमा म्हणतात तो विकार, घराण्यात चालतो हे खरंच आहे. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला इसब असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण ७२ टक्के आढळलं. वेगवेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांत ते २३ टक्केच होतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने यातला एक मोठा दुवा दाखवून दिला. फिलाग्रिन नावाचं प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट बांधतं आणि त्यात ओल धरून ठेवतं. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला, तर कातडी कोरडी पडते, तिला बारीक फटी राहतात आणि बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांत हा बिघाड असतो. तरीही त्यातल्या अनेकांना आयुष्यात कधी इसब होत नाही. एकसारख्या जुळ्यांचा आकडाही शंभरावर जात नाही. म्हणजे आईबापांकडून येते ती प्रवृत्ती. ती जागी होईल की नाही, यात भोवतालचाही हात असतो.

भोवताल म्हणजे नेमकं काय, याचा एक धागा १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांना सापडला. १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी पाहताना त्यांना दिसलं, की ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना अ‍ॅलर्जीची सर्दी आणि इसब कमी. लहानपणी जंतूंशी गाठ पडली की प्रतिकारशक्तीला शिस्त लागते, असा तर्क त्यातून पुढे आला. मग प्रश्न सुचणं साहजिक होतं: उपकारक जंतू आपणच बाळाला दिले तर?

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात मार्को कालिओमाकी, एरिका इसोलौरी आणि सहकाऱ्यांनी तेच करून पाहिलं. घरात कुणाला तरी इसब, दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी आहे, अशा १५९ गरोदर स्त्रिया त्यांनी निवडल्या. निम्म्या जणींना प्रसूतीच्या दोन ते चार आठवडे आधीपासून लॅक्टोबॅसिलस जीजी या जिवाणूच्या कॅप्सूल रोज दिल्या आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण जिवाणू नसलेल्या. बाळंतपणानंतर सहा महिने स्तनपान करणारी आई त्या घेई, नाहीतर कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून बाळाला चमच्याने पाजली जाई. एका दिवसाची मात्रा १० अब्ज जिवंत जिवाणूंची. मुलं दोन वर्षांची झाली, तेव्हा जिवाणू मिळालेल्या ६४ पैकी १५ जणांना इसब होता आणि न मिळालेल्या ६८ पैकी ३१ जणांना. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या आशा उंचावल्या.

पण एका प्रयोगावर भिस्त ठेवून चालत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात तोच जिवाणू, साधारण तशाच पद्धतीने देऊन पाहिला गेला. २००८ मध्ये निकाल आला: जिवाणू मिळालेल्या गटात इसब २८ टक्के, न मिळालेल्यात २७.३ टक्के. फरक शून्य. त्याच वर्षी न्यूझीलंडहून उलट बातमी आली. तिथे एचएन००१ या वाणाने इसबाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं, पण त्याच प्रयोगातल्या दुसऱ्या जिवाणूने काहीच साधलं नाही. पुढे तिथल्याच संशोधकांनी एचएन००१ बाळाला न देता फक्त आईला देऊन पाहिला, तेव्हा त्याचाही गुण दिसला नाही.

इंद्रायणी आणि आंबेमोहोर दोन्ही तांदूळच, पण एकाचा गुण दुसऱ्यात शोधू नये. जिवाणूंचंही तसंच आहे. जीजी आणि एचएन००१ एकाच जातीचे, पण वाण वेगळे. कोणता वाण, किती, कुणाला आणि कधी, हे सारं बदललं की उत्तर बदलतं. पाकिटावर नुसतं 'प्रोबायोटिक' लिहिलेलं असतं, त्यातून यातलं काहीच कळत नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ साली जोखमीच्या घरांसाठी प्रोबायोटिकचा विचार करावा असं सुचवलं, पण त्यामागचा पुरावा अगदी कमकुवत आहे, हेही त्याच कागदावर नोंदवलं.

शिवाय ही सगळी धडपड इसब होऊ नये म्हणून होती. झालेला इसब बरा करण्याबाबतचे ३९ प्रयोग कॉक्रन संस्थेच्या समीक्षकांनी २०१८ मध्ये एकत्र तपासले. त्रासात जाणवण्याजोगा उतार त्यांना आढळला नाही. भाचीला इसब झालेलाच होता. म्हणजे काकूंच्या पुडीकडून फारशी आशा नव्हती. घरच्या दह्याचं म्हणाल, तर दोन घरांतलं विरजणही सारखं नसतं. दही जेवणात जरूर असावं, पण इसबावरचं औषध म्हणून नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही पुडी देऊ नये. जिवंत जिवाणू अशा बाळाच्या रक्तात उतरण्याचा धोका असतो.

आणखी एक समजूत मुलांना फार त्रास देते: मलम लावून इसब आत दाबला की दमा होतो. इसबाच्या काही मुलांना पुढे दमा होतो, हे खरं. पण तो मलमामुळे होत नाही. दोन्हींचं मूळ एकच प्रवृत्ती असते, म्हणून ते एकामागून एक दिसतात. या भीतीपोटी कित्येक बाळं रात्र रात्र खाजवत राहतात.

भाचीला गुण आला तो साध्या गोष्टींनी. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, डाळीच्या पिठाने चोळणं बंद, अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा जाड थर, आणि चट्टा पेटला की डॉक्टरांनी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम, सांगितले तेवढेच दिवस. गजकर्णाचं म्हणून दुकानात मिळणारं मलम मात्र नाही.

बहिणीला मी सांगितलं, की तुझ्याकडून तिला कोरडी कातडी आली असेल, पण ते तू केलेलं नाहीस. तुझे डोळेही तिला असेच आलेत. तिने मान हलवली, मॉइश्चरायझरचं झाकण उघडलं आणि भाचीचा मोजा काढला.