पहिलें चित्र घेतांना

लग्नाचा शालू घ्यावयाचा तर घरांतील मंडळी चार दुकानें पालथीं घालतात. सोनें घ्यावयाचें तर कसोटीला लावल्यावांचून कोणी पैसे मोजीत नाहीं. परंतु ज्या चित्राकडे पुढें वीस वर्षें रोज पाहावयाचें, तें एक तर घेतलेंच जात नाहीं, किंवा नव्या घराची भिंत ओकीबोकी दिसते म्हणून पांच मिनिटांत घेतलें जातें. वास्तविक चित्रालाही कसोटी आहे व ती घेणाराच्या डोळ्यांत असते. मात्र तो डोळा आयता मिळत नाहीं. तयार करावा लागतो.

तो तयार होतो प्रदर्शनांत. मुंबईंत काळा घोडा येथें १९५२ पासून चालू असलेल्या जहांगीर कलादालनांत कोणासही विनामूल्य जातां येतें, आणि पुष्कळदां चित्रकार स्वतःच तेथें बसलेला आढळतो. सर जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थ्यांचें वार्षिक प्रदर्शन भरतें. नवख्या रसिकानें पहिले कांहीं महिने खिशाला हात न लावतां केवळ पाहत जावें. एखादें चित्र मनांत भरलें तरी त्या दिवशीं घरीं परतावें. आठवड्यानें पुन्हां जाऊन तें पाहावें. दुसऱ्या भेटींत जें फिकें पडतें, तें भिंतीवर वर्षभरही टिकणार नाहीं.

त्यानंतर मूळ चित्र व छापील प्रत यांतील भेद ओळखावयास शिकावें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला आणि देवादिकांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. हा उपकार मोठाच. परंतु छापील प्रत ती छापील प्रतच. भिंगाखालीं तींत बहुधा बारीक ठिपके दिसतात; मूळ तैलचित्रांत रंगाचे थर व कुंचल्याचे फटकारे दिसतात. मुद्राचित्राची गोष्ट मात्र निराळी. त्यासाठीं चित्रकार लाकूड, दगड किंवा धातूचा पत्रा स्वतः तयार करून त्यावरून मोजक्या प्रती काढतो. खालीं पेन्सिलीनें ५/२० असें लिहिलेलें असल्यास वीस प्रतींपैकीं ती पांचवी समजावी. अशी प्रत मूळ कलाकृतींतच मोडते, आणि त्याच चित्रकाराच्या रंगचित्रापेक्षां ती बहुधा स्वस्त पडते. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबानें येथूनच आरंभ करणें बरें.

नांव पाहून चित्र घेण्याचा मोह टाळावा. नकला होतात त्या गाजलेल्या नांवांच्याच. १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनीं मुंबईंत आपलें मंडळ स्थापिलें, तेव्हां त्यांच्या नांवाला बाजारांत किंमत नव्हती. व्हिएन्नाहून मुंबईंत आलेले एमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारख्या थोड्या रसिकांनीं त्या काळीं या नवोदितांचीं चित्रें घेतलीं. यावरून प्रत्येक चित्राची किंमत वाढते असें मात्र मानूं नये. बहुतेकांची वाढत नाहीं. पण तरुण चित्रकाराला मिळालेल्या पैशांतून त्याचे पुढचे रंग येतात, हें निश्चित.

व्यवहार चोख असावा. चित्रकाराचें नांव, चित्राचें शीर्षक, माध्यम, आकार, साल व किंमत यांची सही केलेली पावती घ्यावी. चित्र जुनें असल्यास तें पूर्वीं कोणाकोणाकडे होतें तें विचारावें. उत्तर टाळलें जात असेल तर परत फिरावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्र विकत घेतल्यानें त्याचा स्वामित्वहक्क आपोआप मिळत नाहीं. चित्रकारानें लेखी दिल्यावांचून तें शुभेच्छापत्रावर छापतां येत नाहीं.

चौकटीचा खर्च आरंभींच हिशेबांत धरावा. कागदावरील जलरंगाचें चित्र कांचेला चिकटूं देऊं नये. मध्यें पुठ्ठ्याची किनार ठेवावी. उन्हानें रंग उडतात व पावसाळ्यांत ओल्या भिंतीवर कागदाला बुरशी येते; म्हणून बाहेरच्या बाजूची भिंत टाळून आंतली कोरडी भिंत निवडावी. तैलचित्र ओल्या फडक्यानें कधींही पुसूं नये.

इतकें करूनही पाहुणा विचारील, "यांत आहे तरी काय?" घरच्यांना त्याचें उत्तर पाठ केलेलें नसेल, पण त्या चित्रापुढें त्याला घटकाभर बसवून घ्यावेंसें वाटेल, तर पहिली खरेदी फसली नाहीं असें खुशाल समजावें.